वरचा पांढरा थर

नाचणीची पोती लॉरीतून उतरली तेव्हा विल्ब्रॉडमामा दाढी करत होता. तोंडाला साबण तसाच ठेवून तो अंगणात आला, एका पोत्याची दोरी सोडून आत हात घातला, मूठभर दाणे काढून पाहिले आणि परत टाकले. मग थोरल्या बहिणीला म्हणाला, "ताई, हे बिअर घालायला आणलंयस ना?"

"जावयाला वाढायला आणलंय," प्रिस्कामावशी म्हणाली.

एवढ्यावरून त्या घरात जे सुरू झालं ते लग्न पक्कं होईपर्यंत मिटलं नाही. मी तेव्हा जन्मले नव्हते. जन्मायची की नाही हेच त्या पोत्यांवर ठरायचं होतं. पण आईने, प्रिस्कामावशीने आणि फेबीमामीने ही हकिगत मला इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली आहे, की प्रत्येकीच्या डोक्यात शिरून ती पुन्हा सांगायचा मला थोडाफार हक्क आहे. मामाची बाजू मात्र मला कोणी सांगितली नाही. ती मी त्याच्या गप्प राहण्यावरून ओळखली आहे.

माझी आई लोंबे म्हणजे मामाच्या मेलेल्या धाकट्या बहिणीची मुलगी. आमच्यात मुलीचं बरंवाईट बाप बघत नाही, मामा बघतो. एन्डोलात इंजिनं दुरुस्त करणाऱ्या चितालुशी तिचं लग्न मामानेच जुळवलं होतं. आता मधे उरलं होतं फक्त अमातेबेतो. त्या दिवशी मुलीकडच्या बायकांनी आपल्याकडचं सगळं रांधायचं, टोपल्या डोक्यावर घेऊन मुलाच्या घरी जायचं, गुडघ्यांवर बसून एकेक भांडं उघडायचं आणि हे काय आहे, कसं केलं, ते मोठ्याने सांगायचं. ते होईपर्यंत जावयाला सासूच्या घरचा घास चालत नाही. आणि एखादं भांडं कमी निघालं, साधी कोंबडीच्या पोटातली पेटी जरी ताटात दिसली नाही, तरी मुलाकडचे लग्नावर पाणी सोडू शकतात. चितालुला वाढवणारी त्याची गर्ट्रूडआत्या तर एन्डोलाच्या बाजारात ओटा मांडायची आणि तिथे उघड म्हणत होती की खाणवाल्यांच्या मुली ताठ असतात आणि हाताने काही येत नाही.

मामाला म्हणून पांढरं पीठ हवं होतं. मक्याचं, बारीक दळलेलं, दुधासारखं पांढरं. लुआन्श्याच्या खाणवसाहतीत दुसऱ्या कसल्या पिठाची उब्वाली, म्हणजे पीठ घट्ट शिजवून केलेले गोळे, जावयाच्या ताटात गेलेली कोणी पाहिली नव्हती. खाण चालू झाल्यापासून पांढरं पीठ खाणारे ते खाणवाले आणि तांबडं खाणारे ते गाववाले, अशी सरळ वाटणी होती. मामा तीस वर्षं जमिनीखाली राबला होता, शेवटची दहा मुकादम म्हणून, आणि त्या तीस वर्षांत त्याच्या घरात नाचणी शिरली नव्हती.

पण त्या डिसेंबरात पीठच नव्हतं. लंडनच्या बाजारात तांब्याचा भाव वर्षानुवर्षं उतरत चालला होता. आमच्या देशाला दुसरं विकायला काही नव्हतं, त्यामुळे पेट्रोलपासून गिरणीच्या पट्ट्यापर्यंत बाहेरून येणारं सगळं महाग झालं. दर आठवड्याला राजधानीत डॉलरचा लिलाव व्हायचा आणि दर आठवड्याला रेडिओवर आमचं चलन, क्वाचा, खाली यायचा. बाहेरच्या ज्या लोकांकडे सरकार पैसे मागत होतं त्यांनी सांगितलं, पिठाचा भाव धरून ठेवणं सोडा. सरकारने पांढऱ्याचा भाव सोडला, तो एका रात्रीत दुपटीच्या वर गेला. जाड्या पिठाचा भाव धरून ठेवला, तर गिरणीवाल्यांनी जाडं दळणंच बंद केलं. मग शेजारच्या कितवे शहरात दगड उडाले, आमच्याकडे दुकानं फुटली, आणि मामाने ज्या दुकानात पोतं बाजूला ठेवायला सांगितलं होतं ते दुकान पहिल्याच दुपारी साफ झालं. घरात उरलं पातेलंभर पांढरं पीठ.

"पातेलंभर पिठात एन्डोलाची पंगत उठत नाही," प्रिस्कामावशी म्हणाली. ती मपिकाजवळ आमच्या आईकडच्या लोकांच्या जमिनीवर राहायची, स्वतः नाचणी काढायची आणि वेळ मिळेल तसं गावातल्या मुलींना लग्नासाठी तयार करायची. "आपल्या आजीच्या अमातेबेतोला तांबडीच होती. तेव्हा कोणाची नाकं कापली गेली नाहीत."

"तेव्हा तांबड्याशिवाय काही नव्हतं," मामा म्हणाला.

"आता तरी काय आहे?"

याला मामाकडे उत्तर होतं, पण ते तो देऊ शकत नव्हता. फक्त फेबीमामीला माहीत होतं. त्याचा शाफ्ट, खाणीत उतरायची ती विहीर, बंद होणार होता. साहेबाने बोलावून चहा दिला होता आणि मार्चपर्यंतचीच हजेरी आहे हे सांगितलं होतं. आणि हजेरी गेली की घर जातं, कारण आमच्या वसाहतीतलं प्रत्येक घर खाणीचं. मामाचा हिशोब असा, की लोंबे एकदा चितालुच्या घरी गेली म्हणजे मग जे व्हायचं ते होऊ दे. तोवर गर्ट्रूडआत्याला एकही फट दिसता कामा नये. तांबडी उब्वाली म्हणजे फटच नव्हे, दार.

शुक्रवारी राजधानीतून, लुसाकाहून मावशीचा मुलगा बोनिफेस आला. तो सरकारी कचेरीत बाजारभावांची टाचणं करायचा, त्यामुळे घरात त्याचा शब्द वजनदार. आईला वाटलं तो मावशीच्या बाजूने उभा राहील. तो उभा राहिला मामाच्या बाजूने. म्हणाला, सरकार घाबरलंय, वाढ मागे घेईल, चारआठ दिवसांत सगळं पूर्ववत होईल, अमातेबेतो तेवढा पुढे ढकला. मामाचा चेहरा खुलला. मावशीने पोराकडे पाहिलं आणि विचारलं, पेरणी कोण पुढे ढकलणार. पाऊस लागलाय, तिची लॉरी पुढच्या शनिवारी परत जाणार, त्यानंतर ती लग्न संपेपर्यंत इथे बसली तर वर्षाची नाचणी गेली. आणि अमातेबेतो तिच्याशिवाय करायला फेबीमामीला येत नव्हतं, हे फेबीमामीने स्वतःच कबूल केलं. शेवटी तारीख राहिली ती राहिली आणि उब्वाली तांबडीच करायची असं ठरलं. मामा हो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, तिथेच मावशीने ओळखायला हवं होतं.

अमातेबेतोच्या दिवशी पहाटे आई मागच्या अंगणात पाण्याला गेली. चुलीपाशी फेबीमामी एकटी होती. तिच्यापुढे तांबड्या उब्वालीचं मोठं पातेलं आणि बाजूला पांढऱ्याचं छोटं. ती ओल्या वाटीला आतून पांढऱ्याचा पातळ थर लावत होती, मधे तांबडं भरत होती, वरून पुन्हा पांढरं लावून वाटी पालथी घालत होती. सुंदर, गुळगुळीत, पांढरे गोळे लाकडी परातीत ओळीने पडत होते. दोघींची नजरानजर झाली.

"मामांनी सांगितलंय," फेबीमामी म्हणाली. "तू काही पाहिलं नाहीस."

आईने मान हलवली आणि पाणी घेऊन आत गेली. ती मला नेहमी सांगते की तिला राग आला नाही, उलट बरं वाटलं. तिलाही पांढरंच हवं होतं. बाविसाव्या वर्षी कोणाला आपल्या लग्नात गाव वाढलेलं हवं असतं?

नवरीने त्या पंगतीला जायचं नसतं, म्हणून आई घरी राहिली. बाकीच्या बायका टोपल्या घेऊन लॉरीत बसल्या. मामा ड्रायव्हरशेजारी कोट घालून.

एन्डोलात गर्ट्रूडआत्याच्या बैठकीच्या खोलीत चटया घातल्या होत्या. चितालु मधे बसला होता, मान खाली, दोन्ही बाजूंना त्याचे लोक. मामाला रिवाजाप्रमाणे बाहेर ओसरीवर पुरुषांत खुर्ची. बायका पाठमोऱ्या, गुडघ्यांवर सरकत आत आल्या, गाणं संपलं, आणि प्रिस्कामावशी भांडी उघडायला लागली. कोंबडी निघाली, अख्खी. गर्ट्रूडआत्याने स्वतः वाकून पेटी शोधली, सापडली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली म्हणे. शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याची पानं निघाली. सुकी मासळी, चवळी, कुरकुरीत सुरवंट निघाले. प्रत्येकाला मावशी काहीतरी जोडायची, हे उन्हाळ्यात झाडावरून काढले, ही मासळी तळ्यावरच्या भाचीने दिली, ही पानं तीनदा उकळली तशी मुलगी तीनदा विचार करून बोलेल. बायका हसत होत्या. गर्ट्रूडआत्याही एकदा हसली.

शेवटी परात. मावशीने नवं फडकं सोडलं आणि तिचे हात थांबले. आत पांढरे गोळे होते.

तिला क्षणात कळलं. तिने स्वतः नाचणी दळली होती, स्वतः पातेलं भरून ठेवलं होतं. मागे वळून तिने फेबीमामीकडे पाहिलं तर फेबीमामी चटईची वीण मोजत होती. आता तोंडाने सांगायचं होतं, हे काय आहे. मका म्हणावं तर खोटं, आणि उघडण्याच्या दिवशी खोटं बोललं तर तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलींना तिने शिकवलेलं वाया. नाचणी म्हणावं तर भावाचं नाक कापलं जातं. ती काही बोलायच्या आत चितालुने हात पुढे केला. बिचारा सकाळपासून उपाशी होता. त्याने एक गोळा उचलला, मोडला, आणि तांबडा भाग त्याच्या बोटांत आला.

मग गर्ट्रूडआत्या सावकाश म्हणाली, "वर एक, आत एक. मुलगीही अशीच आहे का?"

ओसरीवरची खुर्ची सरकली. मामा दारात आला. त्या खोलीत त्या दिवशी मुलीकडच्या पुरुषाने पाय ठेवायचा नसतो, त्याने ठेवला. प्रिस्कामावशी म्हणायची, तिला वाटलं आता हा भांडणार, टोपल्या उचलायला सांगणार. तो आपल्या मोठ्या अंगाने खाली गुडघ्यांवर बसला, बायकांसारखा.

"मुलगी आतबाहेर एकच आहे," तो म्हणाला. "थर मी लावायला सांगितला. दोन थरांचा माणूस मी आहे, ती नाही. माझा शाफ्ट बंद होतोय. मार्चनंतर मी खाणीवर नाही, आणि घर खाणीचं आहे. तुम्हाला कळू नये म्हणून हे केलं." तो थांबला. मग बहिणीकडे वळून, जणू हे तिलाच सांगायचं होतं अशा आवाजात म्हणाला, "आमच्याकडे आता नाचणी आहे. ताईने पिकवलेली. चालत असेल तर खा. नसेल तर झाका, आम्ही घेऊन जातो."

शाफ्टची बातमी मावशीलाही तेव्हाच कळत होती. आठ दिवस ती त्याला तांबड्या पिठावरून टोमणे मारत होती आणि तो हे गिळून बसला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती नाचिंबुसा होती, मुलींना शिकवणारी. तिने पाणी पुसलं नाही की हातही लावला नाही. तिने फक्त सांगायचं राहिलेलं सांगितलं, "ही नाचणीची उब्वाली आहे."

चितालुने हातातला तांबडा तुकडा भोपळ्याच्या पानांत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. वरचा पांढरा पापुद्रा तो काढून ताटाच्या कडेला ठेवत होता. गर्ट्रूडआत्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भांडी ठेवून घेतली आणि आमच्या लोकांना वाटेला लावलं.

आता सगळं भांड्यांवर होतं. रिवाज असा की मुलाकडचे भांडी धुऊन, प्रत्येकात काही ना काही घालून परत पाठवतात. रिकामं भांडं परत आलं तर समजायचं, संबंध संपला.

रविवार गेला, सोमवार गेला. आईने मामाला सांगितलं की मी पहाटे पाहिलं होतं आणि गप्प राहिले. मामा म्हणाला, मग आपण दोघं सारखेच, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बुधवारी संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं, पिठाचा भाव पूर्वीसारखा. वसाहतीत लोक नाचले, कोणी फटाक्यांऐवजी पत्रे वाजवले. मामा आवाज वाढवून ऐकत राहिला आणि मग बोनिफेसच्या पाठीवर थाप मारली. "तू म्हणाला होतास. बघ, फिरवला. उद्या शाफ्टही उघडतील."

आईला वाटलं आता बोनिफेस छाती पुढे काढेल. त्याने रेडिओचा आवाज कमी केला. "मामा, पिठाचा भाव सरकारने लावला होता, सरकारने फिरवला," तो म्हणाला. "तांब्याचा भाव सरकार लावत नाही. तो फिरवायला आपल्या कोणाच्या हातात काही नाही. आणि या भावात दळून गिरणीला सुटणार काय? उद्या दुकानात जाऊन बघा." मग आपल्या आईकडे न बघता तो म्हणाला, "आई बरोबर होती." त्या घरात बोनिफेसने बाजू बदलली ती तेव्हा.

मामा गुरुवारी दुकानात जाऊन आला. पाटीवर जुना भाव खडूने लिहिला होता आणि मागची मांडणी रिकामी होती. तो घरी येऊन दाराशी बसला. मावशीने लॉरीचं काढलं. शनिवारी निघते, जमीन दोघांना पुरून उरेल एवढी आहे, मार्चपर्यंत थांबलास तर यंदाचं गेलं. आता आलास तर निदान एक पीक हाताशी घेऊन घर सोडशील. मामा म्हणाला, मुकादमाने झाडं तोडून, जाळून त्या राखेत नाचणी पेरायची का? मावशी म्हणाली, "मग मुकादमाने काय खायचं?" तो उठून आत गेला.

शुक्रवारी दुपारी चितालु स्वतः भांडी घेऊन आला. फेबीमामी दारात होती; सासूच्या जागी तीच, आणि सासूसमोर मान वर करायची नाही म्हणून तो अंगणाच्या कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला. बायकांनी फडकी सोडायला घेतली. कोंबडीच्या भांड्यात तेलाची बाटली होती. मासळीच्या भांड्यात साखर, पानांच्या भांड्यात साबण, चवळीच्या भांड्यात लोंबेसाठी कमरेला नेसायचं निळं चितेंगे. आईने ते छातीशी धरलं. शेवटी परात. फडकं सुटलं.

परात रिकामी होती. धुऊन, पुसून, लखलखीत रिकामी.

फेबीमामीने परात उलटी करून पाहिली. आईने चितेंगे परत टोपलीत ठेवलं. मामा दारात आला होता, त्यानेही परात पाहिली.

"आत्याने मुद्दाम रिकामी दिली आहे," चितालु भिंतीकडे बघत म्हणाला. "भरून पाहिजे म्हणाली. आमच्याकडे चार दिवस बाजारात कसलंही पीठ नाही. तिच्या ओट्यावर बायका येऊन विचारतात, त्या दिवशी तुमच्याकडे तांबडं वाढलं ते कुठून आलं. जेवढं पाठवाल तेवढं ती विकेल. कायमचं. लॉरीचं इंजिन मी बघून देईन, मपिकापर्यंत आणि परत टिकेल असं." तो अडखळला. "आणि लग्न जानेवारीत धरा म्हणाली. फक्त एक सांगून ठेवलंय."

"काय?" प्रिस्कामावशीने विचारलं.

"वर थर लावू नका म्हणाली."

सगळ्यात आधी फेबीमामी हसली, डोळे पुसत. मग मावशी. आई हसली नाही, ती मामाकडे बघत होती.

दुसऱ्या पोत्यात नाचणी अजून कणसांतच होती, कांडून काढायची होती. उखळ मागच्या अंगणात, चुलीजवळ, जिथे बायका कांडतात. मामा मागे गेला. उखळ दोन्ही हातांनी कवेत धरून उचललं, घराला वळसा घातला आणि पुढच्या अंगणात आणून ठेवलं, रस्त्यासमोर. परत जाऊन मुसळ आणलं. त्याने कोट काढून कुंपणावर टाकला, कणसं उखळात ओतली आणि कांडायला लागला.

वसाहतीत पुरुषाने मुसळ धरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. समोरच्या घरातली माणसं ओसरीवर आली. रस्त्यावरून जाणारे थांबले. कोणीतरी विचारलं, मुकादम, बायको आजारी आहे का? मामा म्हणाला, नाही, ठणठणीत आहे. त्याचा हात चुकत होता. मुसळ कडेवर आदळत होतं. फेबीमामी जवळ आली, त्याची खालची मूठ सोडवून वर घेतली, आणि हात न सोडता दोनतीन घाव त्याच्याबरोबर घातले. मग बाजूला झाली.

तेवढ्यात पाळी बदलण्याचा भोंगा झाला. तीस वर्षं तो भोंगा झाला की मामा जिथे असेल तिथे थांबून खाणीकडे बघायचा. त्या दिवशी त्याने मुसळ वर उचललं होतं.

"ताई," तो म्हणाला, "उद्या लॉरीत माझ्यासाठी जागा ठेव," आणि मुसळ खाली आणलं.